‘साप चावला डॉक्टर’

“साप चावलाय! डॉक्टर हायत का?”

“तासाभरात येतेत. गाय हाय का म्हैस?” संगीतानं नोंदवही पुढं ओढत विचारलं.

पलीकडं क्षणभर फक्त मोटरसायकलचा आवाज आला.

“माझी माय हाय ओ!”

संगीता उभीच राहिली. बीडच्या एका टोकाला असलेल्या अमरसिंह डॉक्टरांच्या जनावरांच्या दवाखान्यात ती सहा वर्षं फोन घेत होती. असा फोन कधी आला नव्हता.

“दादा, हितं जनावरांचा दवाखाना हाय. तुमी सिव्हिलला जा! ऐकू येतंय का?”

“न्हाई येत... पालीहून निघालोय. मोबाइल रस्ता दावतोय तसं येतोय. धा मिनिटांत पोचतो.”

फोन कट झाला. तिनं परत लावला. नुसती रिंग वाजत राहिली. चार वेळा, पाच वेळा. डॉक्टर तेलगावला अडलेल्या म्हशीपाशी गेले होते. दवाखान्यात ती एकटीच होती.

हा माणूस इकडंच का निघाला, हे तिला कळून चुकलं होतं. दवाखान्याच्या ऑनलाइन जाहिराती तीच लावायची. त्यासाठी डॉक्टरांनी तिला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. लोकांनी मोबाइलवर काय शोधलं की जाहिरात दिसावी, हे ठरवायचे तीन प्रकार तिथं शिकवले होते. एक्झॅक्ट मॅच म्हणजे आपण दिलेल्या शब्दांच्याच अर्थाचा शोध. फ्रेज मॅच म्हणजे त्या अर्थाच्या मागंपुढं आणखी काही शब्द चालतील. आणि ब्रॉड मॅच म्हणजे आसपासचं काहीही. ‘साप चावला जनावर डॉक्टर’ हे शब्द तिनं वर्षभर फ्रेजमध्येच ठेवले होते. महिन्यापूर्वी फोन कमी झाले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “जाळं जरा मोठं टाक, संगीता.” तिनं ब्रॉड निवडलं. फोन वाढले, तेव्हा तिला बरंही वाटलं होतं. त्या मोठ्या जाळ्यातून ‘जनावर’ हा शब्द गळून पडू शकतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती रस्त्यावर, समोरच्या रिक्षावाल्याकडं धावली. “पंडितभाऊ, रिक्षा चालू करून ठिवा!”

“कावून? काय झालं?”

“माणसाला साप चावलाय.”

मग ती वाट बघत राहिली. लांबून येणारी प्रत्येक मोटरसायकल तीच वाटायची आणि पुढं निघून जायची. रस्त्यात कुठं थांबले असतील? का थांबावं लागलं असेल? तो विचार तिनं पुरा होऊ दिला नाही.

शेवटी गाडी आली. मुलानं आईला उपरण्यानं स्वतःच्या पाठीशी बांधलं होतं. म्हातारीची मान एका बाजूला कलली होती, पापण्या जड झाल्या होत्या.

“हितंच ना डॉक्टर?”

“हितले डॉक्टर जनावरांचे हायत, दादा. आईला रिक्षात घ्या. सिव्हिलला जायचं.”

“सिव्हिल?” त्याचा चेहरा उतरला. “सिव्हिलच्या दारापुढूनच आलो की मी! मोबाइलवर ‘साप चावला डॉक्टर’ टाकलं, तर तुमचंच नाव पयलं आलं...”

संगीतानं उपरण्याची गाठ सोडली. रिक्षात तिनं म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं.

“माय, डोळे उघडे ठिवा. नाव काय तुमचं?”

“रतन...” जीभ जड झाली होती. “तू डॉक्टरीन हायस का, बाई?”

“न्हाई.”

“मंग... लई कापायलीस.”

त्यानंतर रतनबाई बोलल्या नाहीत. सिव्हिलच्या दारातून त्यांना आत नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, श्वास मशीनवर ठेवावा लागेल.

तिसऱ्या दिवशी मुलाचा, भागवतचा, फोन आला. “ताई, मायनं डोळे उघडले. मशीनबी काढलं. तुमी होतात म्हणून वाचली.”

संगीतानं डोळे मिटले. “भागवतदादा, ती जाहिरात मीच लावलती. माझ्याच चुकीनं तुमी हिकडं आलात.”



“मायला सांगू नका,” तो म्हणाला. “ती सारखी तुमचं नाव घेतीय.”

दुपारी संगीतानं जाहिरातीचं खातं उघडलं. ब्रॉड काढून पुन्हा फ्रेज केलं. मग, लोकांनी काय काय शोधून जाहिरातीवर बोट ठेवलं होतं, ती यादी ती पहिल्यांदाच नीट वाचू लागली. गाय, म्हैस, शेळी. रतनबाईंची ओळ. आणि तिच्याखाली, गेल्या रविवारची, दवाखाना बंद असतानाची:

‘लेकराला साप चावला दवाखाना’. एक क्लिक.

त्या रविवारी कुणाचाच फोन आला नव्हता. यादीत नाव नव्हतं, गाव नव्हतं.

बाहेर कुणीतरी शेळी घेऊन आलं होतं, हाक मारत होतं. “आले,” ती म्हणाली, पण उठली नाही. कोणत्या शब्दांना जाहिरात दाखवायची नाही, तो रकाना तिनं उघडला आणि टाइप करू लागली. लेकरू. लेकराला. पोरगा. पोरगी. माय. आई. बाप. आजी. भाऊ. बायको. एखादं नातं राहून जाईल म्हणून ती दर शब्दाला थांबत होती, आठवत होती.