मागचं इंजिन

"दाजी, इंजिन केवढं असतंय वो? म्हंजी हार किती फुटी घ्यायचा?"

सकाळी नऊला नाथाजीचा फोन आला, तेव्हा जोतीराम जगदाळे मोराळे स्टेशनच्या सायडिंगला, बाजूच्या रुळावर, आपल्या इंजिनाची काच जुन्या वर्तमानपत्रानं पुसत होता. नाथाजी म्हणजे त्याचा मेहुणा. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला, त्यामुळं हळू बोलणं त्याला जमायचंच नाही.

"हार कशाला उगं," जोतीराम म्हणाला. "संध्याकाळी घरी या की सगळी. मटणाचं सांगितलंय."

"मटाण हाईच वो! पर शेवटची ड्यूटी काय रोज असती व्हय? मिरजंला एकाचं बगितलं म्या. इंजिनाला हार, नारळ, गुलाल, हलगी! आमी शिराळ्यासनं टेंपो काढलाय. चाळीस माणसं हायती. वाटंत रहिमतपुरातनं अक्काला बी घेतलंय. अकराची मालगाडी तुमचीच न्हवं?"

"माझीच," जोतीराम म्हणाला. हे खोटं नव्हतं, आणि तिथंच तर सगळा घोटाळा होता.

त्याचं असं होतं. मोराळे ते कवठखिंड हा घाट इंग्रजांच्या काळापासून मालगाड्यांचा घाम काढत आलेला. पुण्याकडून खत, सिमेंट भरून आलेली अठ्ठावन्न डब्यांची गाडी मोराळ्यापर्यंत झोकात यायची आणि पुढचा चढ बघून बसकण मारायची. म्हणून तिच्या शेपटाला आणखी एक इंजिन लावायचं. रेल्वेवाले त्याला बँकर म्हणतात. पुढचं ओढणार, मागचं ढकलणार. खिंडीत पोचलं की मागचं सुटणार आणि एकटंच उतारानं मोराळ्याला परत येऊन दुसऱ्या गाडीची वाट बघत उभं राहणार. जोतीराम एकतीस वर्षं हे मागचं इंजिन चालवत होता. ना पुणं, ना मिरज. मोराळे ते कवठखिंड, कवठखिंड ते मोराळे. घाट चढताना पुढचा रूळ कसा दिसतो, हे त्या भल्या माणसाला ठाऊकच नव्हतं. काचेसमोर कायम गार्डाचा डबा.

लग्न ठरवताना सासऱ्यानं विचारलं होतं, "जावईबापू, डबं किती वढता?" जोतीरामानं सांगितलं, "चाळीस." तेव्हा चाळीसच होते. ओढतो की ढकलतो, एवढा बारकावा कुणी विचारला नाही, आणि त्यानं आपण होऊन सांगितला नाही. तेव्हापासून सासरवाडीत जेवायला पहिला पाट जोतीरामाला. थोरला साडू मामलेदार कचेरीत असून त्याला दुसरा! आता असला मान मिळाल्यावर खरं सांगायचं तरी कधी? पहिल्या दिवाळीला धीर झाला नाही. मग पोरं झाली. मग पोरांची लग्नं झाली. नाथाजीची अक्का म्हणजे जोतीरामाची बायको शालूबाई; तिलाही सांगायचं राहून गेलं, आणि ती बिचारी एकतीस वर्षं आळीत सांगत होती, "आमच्या ह्यांच्या हाताखाली अक्खी गाडी असती."

उद्यापासून विजेवरची नवी इंजिनं दोन-दोन जोडूनच येणार होती, बँकर बंद. म्हणजे माणूस आणि इंजिन एकाच दिवशी रिटायर. आजचा एक दिवस निभावला असता तर झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण नाथाजीनं टेंपो काढला होता.

अकरा वाजता गाडी आली. पुढचं इंजिन प्लॅटफॉर्मच्या टोकाला थांबलं, आणि शेपूट तिकडं अर्ध्या मैलावर बाभळीत. जोतीरामानं आपलं इंजिन हळूच मागून आणून जोडलं. समोर गार्डाच्या डब्याच्या गॅलरीत यासीन मुल्ला उभा होता. सरकारनं गार्डाचं आता ट्रेन मॅनेजर केलंय, पण डबा तोच आणि त्यातला पंखाही तसाच बंद. वीस वर्षं दोघं काचेतून एकमेकांचं जेवण बघत घाट चढले होते. यासीनच्या डब्यात आज भेंडी आहे का खिमा, हे त्याच्या बायकोखालोखाल जोतीरामाला कळायचं. आज शेवटचा दिवस म्हणून यासीननं मुद्दाम ड्यूटी बदलून घेतली होती.

"जोतीबा, त्वांड का असं? सुतकात असल्यागत!"

जोतीराम बोलणार, तोच लांबून हलगी ऐकू आली. पाठोपाठ वॉकीटॉकी खरखरला. पुढच्या इंजिनावर विश्वजित नावाचा दौंडचा नवा ड्रायव्हर होता.

"मागचे, मागचे. इथं मला कुणीतरी गुलाल लावतंय. इकडं पद्धत आहे का अशी?"

जोतीरामानं कपाळावर हात मारला. "घ्या लावून."

"पेढा पण भरवला."

"खावा."

विश्वजितच्या तोंडात पेढा आणि मुठीत वॉकीटॉकी. त्याचं बटण जे दाबलं, ते दाबलेलंच राहिलं. अर्ध्या मैलावर बाभळीत उभ्या असलेल्या जोतीरामाला स्वतःचा सत्कार सगळाच्या सगळा ऐकू येऊ लागला. नारळ फुटला. टाळ्या पडल्या. मग नाथाजीचं भाषण.

"गड्यांनो! आमचं दाजी म्हंजी साधं माणूस न्हवं! नांगराला बी दोन बैल लागत्यात, पर आमचं दाजी अठ्ठावन्न डबं एकटं वढत्यात! दाजी, लाजू नगा, भायेर या! ए पोरा, तू जरा बाजूला हो, ड्रायव्हरसायबांस्नी म्होरं येऊं दे!"

"मीच ड्रायव्हर आहे," विश्वजितचा आवाज.

"आँ? मग आमचं दाजी कुठं हायती?"

हलगी थांबली. खरखर झाली, आणि विश्वजितनं बापड्यानं विचारलं, "मागचे, फेटेवाले काका जगदाळे कुठं आहेत म्हणून विचारतायत. काय सांगू?"

जोतीरामानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला. साहेबांनी मिरजेला बोलावलंय म्हणून सांगावं? पोट बिघडलंय म्हणावं? एक वाक्य, आणि पहिला पाट शाबूत. त्यानं बटणावर अंगठा ठेवला. समोर यासीन गॅलरीच्या दांडीला टेकून सगळं ऐकत होता.

"बघा बाबा," यासीन म्हणाला. "थाप मारा हवी तर. पर वहिनी हायत तितं. रातच्याला त्यांच्याच हातचं जेवायचंय तुमाला."

जोतीरामानं बटण दाबलं. "सांग त्यांना. जगदाळे मागं हाय. पार शेपटाला. एकतीस वर्सं मागंच हाय. वढत न्हाई, ढकलतो."

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. "ढकलत्यात? बंद पडल्याली जीप ढकलत्यात तसं?" मग चाळीस माणसांचा हशा. जोतीरामाला लाज वाटली. चांगली कान तापेपर्यंत वाटली. एवढ्या वर्षांचा मान एका पेढ्यावारी गेला म्हणायचा.

त्या हशातून शालूबाईचा आवाज आला. "व्हा बाजूला. मागं म्हंजी कुटवर?"

"लांब आहे मावशी. अठ्ठावन्न डबे."

"असूं द्या. नाथा, त्यो हार काड."

"आगं अक्का, इंजिनाला घातल्याला?"

"मग तुज्या गळ्यात हाय व्हय दुसरा? काड!"

एवढ्यात सिग्नल पिवळा झाला. घाटात नियम असा, की पुढच्यानं शिट्टी द्यायची, मागच्यानं उत्तर द्यायचं, आणि मगच दोघांनी जोर लावायचा. विश्वजितनं शिट्टी दिली. जोतीरामानं बाहेर वाकून पाहिलं, तर गाडीच्या कडेनं खडीतून एक हिरवं लुगडं डुलत येत होतं.

"थांब रं बाबा!" तो वॉकीटॉकीत ओरडला. "माझी बायको येतीया कडंनं! ती लांब झाल्याबिगर मी हात लावणार न्हाई!"

पण विश्वजितच्या एका डोळ्यात गुलाल, आणि खाली स्टेशन मास्तर गाडी काढ म्हणून हात हलवून बोंबलत होते. त्यानं गडबडीत जोर दिला होता. पुढचं इंजिन गरजलं, चाकं जागच्या जागी फिरली, डबे खडखडले आणि गाडी होती तिथंच राहिली.

हे चाळीस जणांनी डोळ्यांनी पाहिलं. नाथाजीच्या अंगातला हवालदार जागा झाला. "बघताय काय? लागा हाताला! वल्या रानातनं ट्रॅक्टर काढतूय न्हवं आपण? हर हर महादेव!" झालं! तरणे, म्हातारे, हलगीवाला, टेंपोचा ड्रायव्हर, सगळ्यांनी पहिल्या दोन डब्यांना खांदे लावले. मास्तर "अहो, नका, अहो" करत राहिले.

तिकडं शालूबाई घामानं निथळत मागच्या इंजिनापाशी पोचली. कमरेवर हात ठेवून तिनं वर पाहिलं.

"अठ्ठावन्न हायती," ती म्हणाली. "येताना मोजलं म्या. डबं तेवडं खरं सांगितलं व्हतंसा."

जोतीराम इंजिनाच्या दारात आला.

"मला का न्हाई सांगितलं वो?"

"पाट जाईल म्हणून."

"पाट गेला तर भावाच्या घरचा जाईल. माज्या घरात कोण उठवतंय तुमास्नी?" असं म्हणून तिनं हार वर फेकला. तो अर्धा जोतीरामाच्या हातात आला, अर्धा दांडीला अडकला.

यासीननं खाली उतरून तिला लांब, विजेच्या खांबापलीकडं उभं केलं. "हितनं बघा वहिनी. आता बघा गंमत." आणि तो परत वर चढला.

जोतीरामानं शिट्टीचं उत्तर दिलं. मग हँडल एकेक घर पुढं सरकवत नेला. इंजिन खोल आवाजात घुमलं, गार्डाच्या डब्याला धक्का बसला, त्यानं पुढच्याला दिला, आणि तो खडखडाट डब्याडब्यातून पुढं गेला. अठ्ठावन्न डबे हलले. शालूबाईनं पदर तोंडाला लावला. आपला नवरा काय करतो, हे तिला आज दिसलं. तिचे डोळे भरून आले, आणि जोतीरामाचेही आले.

पुढं काय झालं? गाडी हलली तशी चाळीस माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. नाथाजीचा फेटा सुटला. "हल्ली! हल्ली! आरं आमी हलवली!" तो नाचायला लागला, आणि हलगी पहिल्यापेक्षा दुप्पट वाजली. गाडी निम्म्या घाटात असतानाच त्याचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला. यासीननं मोबाईल काचेसमोर धरून तो जोतीरामाला दाखवला. खाली लिहिलं होतं, 'चाळीस गडी, अठ्ठावन्न डबे. नाद न्हाई करायचा.' जोतीराम खिंड येईपर्यंत हसत होता.

दोन वाजता तो एकटाच उतारानं मोराळ्याला परत आला. इंजिन बंद करून त्यानं हँडल काढला आणि मास्तरांच्या टेबलावर ठेवला. एकतीस वर्षं हात त्या हँडलला सरावलेला, आता रिकामा. तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना, म्हणून त्यानं हार धरला.

टेंपो केव्हाच रहिमतपूरला, जोतीरामाच्या घरी गेला होता. बाकावर शालूबाई एकटी बसली होती. तेवढ्यात नाथाजीचा फोन आला.

"दाजी, गाडी अडली व्हती तुमची! आमी लावली वाटंला. काय काळजी करू नगा! आज पहिला पाट तुमचाच, पर शेजारचा माजा!"

शालूबाई फोन ओढून घेत होती, पण जोतीरामानं हात आडवा केला. "बरं झालं बाबा, तुमी व्हता," म्हणाला आणि फोन ठेवला.

"आवं, सांगायचं न्हाई व्हय त्येला?"

"एक दिवस ढकलली त्यांनी. वाटूं दे की बरं."

स्टेशनापासून वडापच्या जीपा थांबतात त्या रस्त्याला जाताना चांगलाच चढ आहे. शालूबाईचे गुडघे सकाळच्या चालण्यानं कामातून गेले होते. दहा पावलांवर ती थांबली. जोतीरामानं सवयीनं मागं येऊन तिच्या पाठीला हात लावला.

"आँ?" ती म्हणाली. "शिट्टी बिट्टी न्हाई व्हय?"

"पुढच्यानं द्यायची असती आधी. मागचा नुसतं उत्तर देतो."

शालूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. रस्त्याला कुणी नव्हतं, कुंपणाशी एक शेळी तेवढी चरत होती. तिनं पदर सावरला आणि हळूच तोंडानं "कूऽ" केलं.

जोतीरामानं हार गळ्यात घातला, "कूऽ" करून उत्तर दिलं, आणि जोर लावला.