दहा कागदांवरचं 'नाही'

चौसष्ट साली मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई शहाद्याजवळच्या आमच्या दवाखान्यात यंत्र घेऊन आल्या. ज्वारीच्या भाकरीतलं लोह बाईच्या अंगी किती लागतं, हे त्यांना बघायचं होतं. पिठात किरणं सोडणारं लोह कणभर मिसळायचं, बाईने ती भाकरी खायची आणि पंधरा दिवसांनी यंत्र तिच्या अंगावरून फिरवायचं. लोह जिथे जाऊन बसलं, तिथे कागदावर ठिपके उमटणार. दहा बाया हव्या होत्या. अट एकच, आणि ती बाईंनी मला तीनदा बजावली, "कुणाला दिवस गेलेले नकोत. प्रत्येकीला विचार. पोटातल्या जिवाशी खेळ नको."

नर्सबाई रजेवर, म्हणून विचारायचं काम माझ्यावर, कंपाउंडर शांतीलालवर आलं. आता सांगा, गावच्या लेकीसुना मला भाऊ म्हणतात, त्यांना मी पाळी विचारू? आमच्यात पाचवा महिना लागेपर्यंत बाई ही गोष्ट पुरुषाच्या कानावर जाऊ देत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं मला. मी दहाही कागदांवर 'नाही' लिहून मोकळा झालो आणि बाईंना म्हणालो, "सगळ्यांना विचारलं." अकलेचा कांदा!

भाकऱ्या मीच वाढल्या. आमच्या गल्लीतल्या धनुबाईने तर मिरचीचा ठेचा मागून घेतला.

पंधरा दिवसांनी यंत्राखाली निजायचा तिचा नंबर आला. कागदावर ठिपके पडत गेले आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. ओटीपोटावर, जिथे काही नसायला हवं, तिथे ठिपक्यांचा दाट पुंजका होता.

"बाई, तुम्हाला दिवस गेलेत?"

धनुबाईने पदर तोंडावर ओढला आणि चार बोटं दाखवली. चौथा महिना.

बाई माझ्याकडे वळल्या. "शांतीलाल, तू हिला विचारलं होतंस ना?"

नोकरी गेलीच, असं वाटलं. तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "भाऊनी इचारं व्हतं. मीच खोटं सांगं."

बाई तिच्यावर कडाडल्या. अडाणी म्हणाल्या, बेजबाबदार म्हणाल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मी, तिचा भाऊ म्हणवणारा, शेजारी खांबासारखा उभा. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. मला एका शब्दाने बोलली असती तरी बरं झालं असतं. पण तिने पोटावर हात ठेवून एवढंच विचारलं, "मन्हा पोरले काही व्हई का, भाऊ?"

"काही नाही होणार," मी लगेच म्हणालो.

तिचा जीव भांड्यात पडला. हसून घरी गेली.

डॉक्टरीणबाई आत बसल्या होत्या, दहा पावलांवर. तेही मी त्यांना विचारलं नव्हतं.