माझं अख्खं अंगच नाक

मित्रांनो, मी एक जुनं, चांगलं चार वर्षांचं गांडूळ आहे. पनवेलजवळच्या एका गावात, चंद्रावती काकूंच्या अळूखाली राहतो. नाकं मुरडू नका! खरं तर मलाच तुमची किळस येते. शी! ज्या भोकांतून शेंबूड गळतो, त्यांतूनच तुम्ही हवा आत घेता?

मला फुप्फुसं नाहीत. माझी कातडी कायम ओली, चिकट असते. हवेतला ऑक्सिजन त्या ओलाव्यात विरघळतो आणि कातडीतून थेट रक्तात जातो. कातडी सुकली की श्वास संपला.

इथेच एका इवल्याशा कोषातून मी बाहेर आलो. माती खाल्ली, भुसभुशीत केली. अळूची पानं सुपाएवढी झाली, पण कौतुक काकूंच्या हाताचं! पुस्तकात मी 'शेतकऱ्याचा मित्र', आणि समोर दिसलो की "ई!"

गेल्या रविवारी काकूंच्या मनिषाने अंगणात स्कूटर धुतली. साबणाचं पाणी माझ्या बिळात शिरलं. याक्, काय तो गुलाबाचा खोटा वास! जीव मुठीत धरून (मूठ नाही, तरी) मी फरशीवर आलो.

"ई! आई, गांडूळ!"

काकू तिथेच बोंबील साफ करत बसल्या होत्या. त्यांचं माहेर मिठागरवाल्यांचं. वळवळणारं काहीही दिसलं की त्यांच्याकडे औषध एकच.

"मीठ टाक त्याचेवर. आमचे मिठागरान एक किडा नाय दिसायचा."

चिमूटभर मीठ शेपटीवर पडलं. आग आग! अंगातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ लागलं, मी पिळलेल्या फडक्यासारखा झालो.

शेजारची फरहा धावत आली. "काकू, थांबा! कातडी सुकली की गुदमरतं ते!"

"नाक नाय त्याला, गुदमरल कसा?"

"त्याचं अख्खं अंगच नाक आहे!"

"अगो बाय! म्हंजे अख्खा शेंबूडच हाय हा!" काकू खदखदून हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी हलत नव्हतो. त्यांचं हसू थांबलं.

"मनिषा, पानी वत. लवकर!"

तांब्याभर पाण्याने मीठ वाहून गेलं. काकूंनी मला बोटावर उचललं. बोंबलाचा वास! शी, शी, शी! पण ते बोट ओलं होतं. मित्रांनो, परत आलेला पहिला श्वास मी त्या घाणेरड्या बोटावरच घेतला.

म्हणून सांगतो, "ई" खुशाल म्हणा, मीही म्हणेन. फक्त मला उचलण्याआधी हात ओला करा. आणि मीठ बोंबलालाच लावा.