फी भरणारं सासर

दुकानात सकाळपासून एकच गिऱ्हाईक आलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची काडी निखळली होती. चष्मेवाले ओठांत बारीक स्क्रू धरून ती बसवत होते आणि त्यांची थोरली लेक आतल्या बाकावर भिंग घासत होती. घरात आणि गल्लीत तिला सगळे 'मोठी' म्हणत. पदवी घेऊन तिला वर्ष होत आलं होतं. मोबाइल वाजला, तिनं हात पुसून वाचलं, पुन्हा वाचलं आणि ती उभीच राहिली.

"बाबा, मला घेतलं!"

ओठांत स्क्रू असल्यानं चष्मेवाल्यांना नुसतं "हं" करता आलं. पण गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं.

परदेशातल्या विद्यापीठानं तिला दृष्टिशास्त्राच्या वरच्या अभ्यासाला प्रवेश दिला होता. चष्मा लावूनही ज्यांना धड दिसत नाही, त्यांना उरलेल्या नजरेवर कामं करायला शिकवणारी ती विद्या. अशी माणसं दुकानात यायची. "आता नंबर वाढवून उपयोग नाही," असं सांगून वडील त्यांना परत पाठवायचे आणि त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. मोठीनं हे लहानपणापासून पाहिलं होतं.

धाकटी बहीण शाळेच्या दप्तरासकट नाचली. आईला मात्र आयांनाच सुचतो तो प्रश्न आधी सुचला. "अगं, पण भरायचं कुठून?"

शिष्यवृत्ती मिळाली ती फीच्या चौथ्या हिश्शाची. बुडत्याला काडीचा आधार. उरलेली फी, तिकीट, तिथलं राहणं, आणि शिवाय व्हिसासाठी खात्यात दाखवायची गलेलठ्ठ रक्कम. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "तारण काय देता?" घर भाड्याचं, दुकान भाड्याचं. चष्मेवाले म्हणाले, "मुलगी फार हुशार आहे हो." साहेब चांगला माणूस होता, त्यानं मान खाली घातली.

अशा वेळी माणसं जिथे जातात तिथेच ही माणसं गेली, परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराकडे. काचेचं दार, गारेगार खोली, भिंतीभर हसऱ्या मुलींचे फोटो. सल्लागारानं मोठीच्या इंग्रजी परीक्षेचे गुण पाहिले आणि खुर्ची पुढे सरकवली.

"काका, तुमच्याकडे पैसा नाही. गावातल्या शीतगृहवाल्यांकडे पैसा आहे, पण मुलाकडे इंग्रजी नाही, तीनदा आपटलाय परीक्षेत. लग्न लावून द्या. बायकोच्या व्हिसावर नवरा जातो. फी, तिकीट, सगळं सासरचं. लोक हुंडा देऊन मेटाकुटीला येतात, तुम्हाला तर घरबसल्या मिळतोय!"

त्या गावात हे आता नवं राहिलं नव्हतं. मुलगी झाली की जिथे तोंडं पडायची, तिथे आता तिला पहिल्या दिवसापासून इंग्रजी शाळेत घालत. लोक म्हणत, काळ सुधारला. पोरी शिकू लागल्या, परदेशी जाऊ लागल्या. पोरीच्या हातातलं पुस्तक सगळ्यांना दिसे. ते पुस्तक कोणाच्या प्रवासाचं तिकीट आहे, हे कोणी पाहत नसे.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "पैसा घ्यायचा म्हटला तरी पोर त्यांच्याच घरी जाणार ना? मग दिली काय नि विकली काय!"

मोठीच म्हणाली, "मला शिकायचंय, आई. दोन वर्षं काय, कशीही निघतील."

पुढे लोक म्हणाले, तिच्यावर बळजबरी कोणी केली? खरंच, कोणी केली नव्हती. चारी दारं बंद करून पाचवं तेवढं उघडं ठेवलं होतं, आणि ती आपल्या पायांनी त्यातून आत गेली.

लग्न कचेरीत, सह्यांपुरतं झालं. त्याआधी वकिलाकडे एक करार झाला. मुलाला तिकडे कायमचं राहता येईपर्यंत मुलीनं त्याला सोडायचं नाही. सोडलं किंवा तिच्यामुळे जाणं फिसकटलं, तर चष्मेवाल्यांनी झालेला खर्च दुपटीनं परत करायचा. दुसऱ्याची नजर तपासण्यात हयात घालवलेल्या माणसानं न वाचता सही केली.

व्हिसा येईपर्यंत मुलगी माहेरी राहील असं ठरलं होतं. आठवड्यातच सासूबाई दारात उभ्या. "सून आमची, पैसा आमचा, मग हिचं माहेरी काय काम?"

सासरी मोठीला वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकी शीतगृहाच्या भिंतीवर उघडत होती. पासपोर्ट सासूबाईंनी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. मोबाइल बैठकीतल्या टेबलावर, सगळ्यांसमोर वापरायचा. माहेरी जायचं तर गाडी आणि दीर बरोबर. कोणी हात उगारला नाही, कोणी आवाज चढवला नाही. येणारा-जाणारा तिला खालून वर न्याहाळी आणि सासरे म्हणत, "हीच आमची परदेशातली शाखा!" सगळे हसत. मोठीही हसे. गाल दुखेपर्यंत हसे.

नवऱ्याला घरात सगळे सोन्या म्हणत, तिशीला टेकला तरी. त्याला इंग्रजी बोलायला शिकवणं हे तिचं रोजचं काम. एका दुपारी पुस्तक मिटून तो म्हणाला, "मला तिकडे जायचंच नाहीये."

"मग का जाताय?"

"वडिलांनी सगळीकडे सांगून ठेवलंय. मला खालची यंत्रं आवडतात गं. कॉम्प्रेसर बिघडला तर आवाजावरून सांगतो मी काय झालंय ते. तिकडे मला कोण विचारणार?"

"सांगा ना त्यांना."

"तू सांगितलंस तुझ्या बाबांना?"

त्या घरात त्यांचं नवरा-बायकोसारखं काही नव्हतं. एका कोठडीतल्या दोघांसारखं मात्र होतं.

व्हिसाची मुलाखत जवळ आली तशी सल्लागारानं उत्तरं पाठ करून घ्यायला दोघांना बोलावलं. "हं, सांग, हा व्यवसाय-व्यवस्थापनाचा कोर्स का निवडलास?"

"सर, माझा कोर्स दृष्टिशास्त्राचा आहे."

"तो रद्द केला. फार महाग, आणि अभ्यासही फार. हे कॉलेज स्वस्तातलं, हजेरीचा काच नाही. दिवसभर काम करायला मोकळी."

"पण मला शिकायचंय!"

सल्लागार समजुतीच्या सुरात म्हणाला, "पोरी, शिकायला कोण चाललंय?"

दीर बरोबर होता, तरी तिनं गाडी माहेरच्या दारात थांबवायला लावली. चष्मेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातला चष्मा पुसत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता. "आता काय करायचं, बाळा? सही करून बसलोय. ढकल थोडे दिवस."

बाहेर दिरानं हॉर्न वाजवला.

वकिलातीच्या प्रतीक्षालयात सोन्या पाठ केलेली वाक्यं पुटपुटत होता. मध्येच थांबून हळूच म्हणाला, "तुला जे बोलायचंय ते बोल. मी बाहेर सांगेन, माझ्याच उत्तरात घोळ झाला म्हणून."

काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, हा अभ्यासक्रम तुम्ही का निवडला? पाठ केलेलं सगळं मोठीच्या जिभेवर होतं. वडिलांची सही होती, आईचा चेहरा होता. ती म्हणाली, "मी नाही निवडला. आणि हे लग्नसुद्धा फीसाठी लावलंय."

बाईंनी अर्ज नाकारला. बाहेर सासरे उभे होते. त्यांना पाहताच सोन्याची जीभ टाळ्याला चिकटली. "काय झालं?" त्यांनी दरडावलं. सोन्यानं बोटानं मोठीकडे दाखवलं, आणि मग तेच बोट मुठीत लपवून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मोठीला त्याच दिवशी तिच्या कपड्यांच्या पिशवीसह माहेरच्या दारात सोडलं. मागोमाग वकिलाची नोटीस आली. गल्लीत बायका म्हणाल्या, "एवढं चांगलं स्थळ, पोरीनं लाथाडलं." वडील तिच्याशी बोलत नव्हते. ताटावर बसत, दोन घास खाऊन उठत. त्या दिवशी खरं बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मोठीलाही कित्येकदा वाटलं.

आणि मग सल्लागार आला. घरी, गोड बोलत, चहा घेत.

"काका, झालं गेलं विसरा. शीतगृहवाले दिलदार आहेत. तुमची धाकटी इंग्रजीत पहिली येते म्हणे? त्यांचा पुतण्या आहे. आत्ता नाही हो, ती अठराची झाली की! नुसता शब्द द्या, नोटीस मी मागे घ्यायला लावतो."

धाकटी दाराआड उभी होती. चष्मेवाले जमिनीकडे बघत राहिले. ते नाही म्हणेनात. मोठीला कळलं, बाबा हिशेब करतायत. चांगला माणूस, जीव लावणारा बाप, आणि तो हिशेब करत होता.

ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, हो म्हणायच्या आधी एकदा माझ्याकडे बघा."

किती तरी दिवसांनी त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली, उतरलेले खांदे पाहिले.

"दुकान न्या," ते सल्लागाराला म्हणाले. "यंत्रं न्या. कोर्टात खेचा. पोर मिळायची नाही."

"काका, भावनेच्या भरात—"

आई उठली आणि त्याच्या हातातला कप काढून घेत म्हणाली, "चहा झाला असेल तर या आता."

यंत्रं खरंच गेली. चष्मेवाले आज दुसऱ्याच्या दुकानात पगारावर बसतात. कोर्टाच्या तारखा पडतायत. मोठीची त्या विद्यापीठातली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. ती आता शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी जिथे असं लग्न ठरतंय असं कळेल, त्या घरी जाते. बहुतेक ठिकाणी तिला उंबऱ्यातूनच परत पाठवतात. एका ठिकाणी तर "स्वतःचं मोडलं, आता दुसऱ्यांची मोडत फिरते," असंही ऐकवलं.

गेल्या रविवारी ती बेकरीवाल्यांकडे गेली होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि चिडून विचारलं, "पटतंय हो. पण मग गरिबाच्या पोरीनं शिकायचं कसं, तेही सांगा की!"

"मला एकटीला नाही माहीत," मोठी म्हणाली. "बँकेत, कॉलेजात, जिथे विचारायला हवं तिथे विचारू. तुम्ही या, मी येते, आणखी चार आईबाप घेऊ. पण पोरीला गहाण टाकून नको."

बेकरीवाल्यांनी दाराची कडी चाळवली. मग आत वळून बायकोला म्हणाले, "अगं, पोरीला बोलव जरा. तिचं काय म्हणणं आहे, ते आपण विचारलंच नाही."