दोन टकटक, मग एक

माझा नवरा बेल वाजवत नाही. ही लग्नाआधीची सवय. मी कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काम करते, तिथल्या खिडकीच्या काचेवर तो बोटाने वाजवायचा: दोन टकटक, जरा थांबून आणखी एक. माझ्या तोंडावर मास्क, हातात कोणाचे तरी वरचे दात, शेजारी पॉलिशच्या चाकाची घरघर, आणि त्यातूनही मला ती टकटक बरोबर ऐकू यायची. "आला गं तुझा सुतारपक्षी," असं म्हणून बायका हसायच्या. पुढे घराच्या दारावर तेच, आणि दिवा मालवल्यावर माझ्या पाठीवरही तेच. मी आलोय, येऊ का, एवढाच त्याचा अर्थ. मी त्याच्या हातावर एकदा वाजवलं की हो. नाही वाजवलं तर तो कूस बदलून झोपायचा आणि सकाळी तोंड न फुगवता चहा करायचा. त्याच्या बाकीच्या शंभर खोडी मी या एका गोष्टीसाठी पोटात घातल्या.

तो बोटीवर असतो, इंजिनरूममध्ये. वर्षातले बरेचसे महिने माझा संसार फोनशीच. आणि बोटीवरचं नेट म्हणजे निव्वळ थट्टा. चेहरा दिसला तर आवाज नाही, आवाज आला तर 'ऐकू येतंय का' विचारण्यातच वाट्याचा डेटा संपतो. भांडायचीसुद्धा सोय नाही.

मागच्या खेपेला त्याने एका बंदरात ते यंत्र घेतलं. आडपडदा ठेवत नाही, बायकांच्या सुखासाठी असतं ते. नेटला जोडलेलं असतं. त्याने तिकडे फोनवर बोट फिरवलं की इकडे ते थरथरतं, आणि त्याला अगदी चिमूटभर नेट पुरतं. त्याने सांगितलं तेव्हा आधी मला हसू फुटलं, मग मी चिडले, "लाज वगैरे आहे की नाही?" म्हणाले. दोन दिवसांनी मीच म्हटलं, पाठव.

बोटीवर अशी रीत आहे की घरी निघालेला माणूस बाकीच्यांची पार्सलं नेतो. त्याच्या बोटीवरचा इलेक्ट्रिशियन आमच्याच शहरातला, नवऱ्याच्या जिवाभावाचा. मी त्याला भाऊजी म्हणायचे. तो सुट्टीवर आला आणि पार्सल घेऊन घरी आला. त्यावर इतकी चिकटपट्टी गुंडाळलेली होती की माझा जीव भांड्यात पडला. आत काय आहे हे याला कळणं शक्यच नव्हतं. भाऊजी बैठकीत बसले, चहा प्यायले, पंखा आवाज करतोय म्हणून स्टुलावर चढून त्याचा स्क्रूसुद्धा आवळून दिला. निघताना म्हणाले, "वहिनी, घरचं नेट नीट चालतं ना?"

"चालतं की."

"मग झालं," ते म्हणाले. किती काळजी घेतात आमची, असं मला वाटलं.

पहिल्यांदा यंत्रातून ती टकटक आली तेव्हा मी रडले. दोन, जरा थांबून एक. नेटमुळे मधला थांबा बिघडायचा, म्हणून त्याने ती लय अ‍ॅपमध्ये एकदाच बनवून साठवून ठेवली होती. एक बटण दाबलं की नेमकी तशीच यायची. फोनवर त्याचं नाव यायचं, मग टकटक. मी माझ्या फोनवर एकदा बोट टेकवायचे. हो. तो समुद्रात आणि मी दुपारच्या उन्हात पडदा ओढून इथे, पण तेवढा वेळ आम्ही एका खोलीत असायचो. दुसऱ्या दिवशी मी इतक्या खुशीत कामाला जायचे की बायका म्हणायच्या, "काय गं, आज दात घासताना हसतेयस?"

एका रविवारी त्याचा चेहरा आणि आवाज दोन्ही एकदम आले, असा योग फार क्वचित येतो. मी लाडात येऊन म्हटलं, "गुरुवारी काय झालं होतं तुला? किती घाई!"

"गुरुवारी?"

"वेड पांघरू नकोस."

"अगं, गुरुवारी आमचं नेटच बंद होतं. आठवडाभर अँटेना बिघडलेली. काल रात्री चालू झाली."

मी हसत होते. माझं हसू किती वेळ तोंडावर तसंच राहिलं कोण जाणे. गुरुवारी त्याचं नाव आलं होतं. टकटक आली होती. मी हो म्हटलं होतं.

"पासवर्ड कोणाकडे आहे?" मी विचारलं.

"फक्त माझ्याकडे." मग तो थांबला. मला वाटलं नेट अडकलं, पण त्याच्या डोळ्यांची उघडझाप चालू होती.

"बोल."

"पार्सल आणलं ना, त्यानेच ते खातं उघडून दिलं होतं. माझ्या मेलला ओटीपी येईना, नेट अडत होतं, म्हणून त्याचाच मेल टाकला, पासवर्डही त्यावरच आला. नंतर बदलणार होतो. अगं, तो भावासारखा..."

"त्याला माहीत होतं पार्सलात काय आहे?"

"त्यानेच तर निवडून दिलं."

माझ्या घरात, माझ्या कपातून चहा पिणाऱ्या माणसाला सगळं माहीत होतं. 'घरचं नेट नीट चालतं ना?' आणि मी वेडी म्हणत होते, चालतं की. त्या घटकेला मला भाऊजींपेक्षा नवऱ्याचा राग जास्त आला. माझ्या अंगाची किल्ली याने दुसऱ्या पुरुषाच्या हाती दिली, आणि का, तर ओटीपी येईना म्हणून.

"मागच्या महिन्यात?" मी विचारलं. "ती पावसाची दुपार?"

"मी होतो."

"आणि त्याच्या आधीच्या रविवारी?"

"मीच. बहुतेक."

ते 'बहुतेक' मला अजून ऐकू येतं. अ‍ॅपमध्ये जुनं काही शिल्लक राहत नव्हतं, गोपनीयतेसाठी म्हणे. आमच्या प्रत्येक दुपारची मी त्याला आठवण विचारली. काहींबद्दल तो छातीठोक हो म्हणाला, काहींबद्दल नुसताच रडला. मी ज्या दुपारी सर्वांत सुखात होते, ती त्याला आठवत नव्हती.

यंत्राच्या कंपनीला मी लिहिलं. उत्तर फार अदबीने आलं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला खेद आहे, मात्र खात्यात योग्य पासवर्डने प्रवेश झालेला असल्याने तो अनधिकृत वापर ठरत नाही. खाली हसरा चेहरा आणि 'आमची सेवा कशी वाटली?' असा प्रश्न.

पोलीस ठाण्यात साहेब बाई होत्या, म्हणून मला धीर आला. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हत्या त्या. पेनाचं टोपण काढून म्हणाल्या, "आता तक्रार नेमकी कशाची लिहू?"

मग त्यांनीच एकेक विचारायला घेतलं.

"घरात शिरला?"

"बोलावलं तेव्हा आला होता. तेव्हा काही केलं नाही."

"फोटो, व्हिडिओ?"

"माहीत नाही. नसावेत."

"मशीन कोणी चालू केलं?"

"मी."

"आणि फोनवर होकार?"

"मी दिला. पण तो नवऱ्याला होता, बाई. त्याला नव्हता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कळतंय मला. पण पासवर्ड तुमच्या मिस्टरांनीच दिलेला. ते आले की त्यांना घेऊन या, त्यांची तक्रार असेल तर बघता येईल." म्हणजे घुसखोरी झाली माझ्यात आणि तक्रार नवऱ्याची. मी उठले. दाराशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी इतकी दचकले की त्याच ओशाळल्या.

नवऱ्याने भाऊजींना मेसेज करून जाब विचारला. भाऊजींनी हात झटकले नाहीत, तेही केलं असतं तर बरं. "मस्करी केली रे, तुझं नेट नव्हतं म्हणून," असं लिहून पाठवलं. "वहिनींना राग आला का?" तो संदेश नवऱ्याने मला पुढे पाठवला आणि वर फोन करून म्हणाला, "प्रकरण वाढवू नको. सगळ्या बोटीवर होईल. तुझंच नाव जाईल." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी म्हटलं, "माझं नाव तर कधीच गेलंय. तुझं वाचव." आणि फोन ठेवला.

ते यंत्र मी लॅबमध्ये नेलं आणि प्लास्टर फोडायच्या हातोडीने फोडलं. शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी पाहिलं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, फक्त केराची पिशवी पुढे धरली. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या हातून कामं बिघडत होती. खिडकीबाहेर कोणी काही आपटलं तरी हातातला दात सुटायचा. रागाने मी कोणालाही खाल्लं असतं, पण अंग ऐकत नव्हतं. झालेलं सुख अंगाला आठवायचं आणि मला त्या अंगाची किळस यायची. हे मी कोणाला सांगणार होते?

नवऱ्याने करार अर्ध्यावर सोडला. दुपारी पोचतो, असं कळवलं. मी घर आवरलं, चहाचं आधण ठेवलं. त्याच्यावर माझा जीव आहे, हे मला त्या सकाळी अगदी स्वच्छ कळत होतं. तो आला की त्याच्या गळ्यात पडून आधी रडायचं आणि मग त्याला फैलावर घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. सामान खाली ठेवल्याचा आवाज आला. आणि दारावर दोन टकटक, जरा थांबून एक.

माझा हात कडीवर होता, तो तिथेच राहिला.

"कोण?" मी विचारलं.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"अगं मी!" तो हसला. मला चिडवायला, मनवायला, त्याने पुन्हा वाजवलं. दोन, जरा थांबून एक. ओळख पटवायला त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

आत आधण उकळून उतू जाऊ लागलं, बाहेर त्याचं हसू थांबलं. मग त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण दारापलीकडे तो हुंदका दाबत असल्याचा आवाज आला. आम्ही दोघं दाराच्या दोन बाजूंना तसेच उभे राहिलो.

शेवटी त्याने बेल वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि पाहुण्याला उघडावं तसं मी दार उघडलं.