दंडाच्या टेबलापुढची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. बँकेतली. मॅनेजरच्या केबिनमधली नाही हां, तिचा थाट वेगळा, ती गोल फिरते. मी कोपऱ्यातल्या टेबलापुढची. तिथे लोक 'माझे पैसे का कापले' हे विचारायला येतात.

मित्रांनो, माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पाइप वाकवले, वेल्डिंग केलं, वर निळं रेक्झिन ताणलं. ज्याने बनवलं तोच आधी माझ्यावर धपकन बसला आणि म्हणाला, "ही काय मोडत नाही." काय भारी वाटलं होतं तेव्हा.

सुरुवातीला मी घरकर्जाच्या टेबलापुढे होते. लोक इस्त्रीचे कपडे घालून यायचे, ऐसपैस बसायचे. मग माझं रेक्झिन फाटलं. आतला फोम लोकांनी बोटांनी उकरून काढला. एक पाय जरा वाकला. "हिला तिकडे टाका," कोणीतरी म्हणालं, आणि मी इकडे आले. आता कोणी बसलं की मी कर्रर्र करते. अख्खा हॉल वळून बघतो. आणि इथे येतो तो माणूस नेमका गुपचूप येऊन गुपचूप जाणारा असतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा एक बाप आणि त्याचा मुलगा आले. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा, नखांत ग्रीस. मुलगा त्याच्यापेक्षा हातभर उंच, चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, वेगळी खोली घेऊन राहणारा.

"बारक्या, बस," बाप म्हणाला.

एवढ्या उंच माणसाला बारक्या. बाजूची बाई हसली. मुलाचे कान लाल झाले.

"तुम्ही बसा ना बाबा."

खुर्ची एकच. शेवटी बाप बसला. मी कर्रर्र केलं. मुलाने डोळे मिटून घेतले.

"हां मॅडम," बाप म्हणाला, "बिघाड कुठंय तेवढा दाखवा."

टेबलामागच्या मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. खोलीचं भाडं, गाडीचा हप्ता, विमा, सगळं एक तारखेला आपोआप खात्यातून जायचं. त्या दिवशी खात्यात पुरेसे पैसेच नसायचे. मग बँक स्वतःच्या खिशातून भरायची आणि प्रत्येक वेळी वर दंड लावायची. याला ते ओव्हरड्राफ्ट म्हणतात. मुलाचा पगार व्हायचा सात तारखेला. झाला की बँक आधी आपले पैसे आणि दंड वळते करून घ्यायची. उरलेल्यात महिना निघायचा नाही, आणि पुढच्या एक तारखेला खड्डा अजून खोल. नवी नोकरी लागल्यापासून हेच चालू होतं.

"अरे मग तारखा सातच्या पुढे घ्यायच्या ना," बाप म्हणाला. "एवढी साधी गोष्ट."

मुलगा फरशीकडे बघत बोलला, "तुम्हीच म्हणता ना. एक तारखेला ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हायचं. दोन तारीख उजाडली की ती उधारी."

बापाने स्क्रीनवरची सात तारीख पुन्हा पाहिली. त्याचा स्वतःचा पगार जन्मभर महिन्याच्या शेवटच्या दिवशी झालेला. मुलाचा कोणत्या तारखेला होतो, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तुम्ही शेजारच्या काकांना सांगत फिरता, आमच्या पोराचा एक पैसा कुठे थकत नाही म्हणून. या महिन्यात पण असंच झालं तर खोली सोडावी लागणार आहे मला."

बाप अंगठ्याने माझा हात घासत राहिला. ग्रीसचा डाग पडला.

"मॅडम," तो म्हणाला, "मला वाटलं हा पैसे उडवतोय. येताना रस्त्यात काय काय बोललो मी त्याला." मग त्याने पाकीट काढलं. "दंड माझ्याकडून घ्या."

"काका, पाकीट ठेवा आत. थोडा दंड माफ होऊ शकतो, मी वर विचारते. पण खातं यांचं आहे. अर्ज यांनीच करायचा, तारखा यांनीच बदलायच्या."

बाप उठला. "बस."

"तुम्हीच बोला ना बाबा. तुम्हाला जमतं."

"मला कुठलं जमतंय? मला लिफ्टशी बोलता येतं फक्त."

मुलगा बसला. मान खाली, हात गुडघ्यांच्या मध्ये. बापाने मागून माझी पाठ धरली होती. इतकी घट्ट, की मला वाटलं आता हाच बोलणार. पण नाही बोलला.

"दंड... माफ होईल का? थोडा तरी?"

"विचारते," मॅडम म्हणाल्या आणि फोन उचलला.

तेवढ्या वेळात त्याने मोबाइलवर एकेक तारीख आठवर नेली. बाप मुद्दाम पंख्याकडे बघत उभा होता.

निम्मा दंड माफ झाला. निम्मा पगारातून जाणारच होता. मुलाने हिशेब केला असावा, कारण तो मान न वळवता म्हणाला, "बाबा, महिनाभर जेवायला घरी येऊ का?"

"आईला फोन लाव. काय झालं ते सांग." बाप थांबला. "आणि पहिल्या तारखेचं कोणी डोक्यात भरवलं, ते पण सांग. माझं नाव घेऊन."

मुलाने तिथेच, सगळ्यांदेखत, फोन लावला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमचंही खातं असेल, कधीतरी पैसे कमी पडतील. तेव्हा घरी सांगा. आणि तुमच्या घरात कोणी सांगायला आलं, तर ओरडायच्या आधी त्याला बसायला द्या. लाज त्याच दिवशी बोलून टाकली तर एका दिवसाची असते. लपवून ठेवली की तिच्यावरही दंड चढत जातो.