डोलकाठी उतरवून

लाल वाळूत एका खडकावर जिराफ आहे. आसपास गवताची काडी नाही.

आमच्याकडे पाणी उत्तरेला जातं, वारा दक्षिणेला. म्हणून उत्तरेला जाताना डोलकाठी उतरवायची, आणि दक्षिणेला जाताना शीड सोडायचं. मधे झोपलं तरी चालतं.

घरातले कांदे संपले.

इपुकी लढाईवरून परत आला. डावा कान थोडा कमी.

पूर ओसरला की चिखल इतका मऊ असतो, की त्यावर बदक चाललेलंसुद्धा महिनाभर दिसतं.

आता जोडते.

मी हेनुत. माझे बाबा सेन्बी, गावातल्या सगळ्यात मोठ्या नावेचे तांडेल. इपुकीने लढाईला जाण्याआधीच मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. बाबांचं हो तेवढं बाकी होतं. ते इपुकी परत आला त्या संध्याकाळीच मिळायचं, पण जेवताना, घरातले शेवटचे कांदे संपवत त्याने सांगून टाकलं, की तिकडे लांब, राजाच्या फौजेने जी मोठी नदी ओलांडली, ती उलटी वाहते. उत्तरेकडून दक्षिणेकडे.

बाबांनी भाकरी खाली ठेवली. नदीचं उत्तरेला जाणं हे काही तिच्या मर्जीवर नसतं, असं त्यांचं म्हणणं. खोटारड्याला मुलगी द्यायची नाही, असंही.

पुढचे दिवस इपुकी शपथा घेत फिरला. गावाला करमणूक झाली. पोरं त्याला पाहिलं की उलटी चालत जात. माझी मावशी म्हणे, तिकडे बदकंही पाठीवर पोहत असतील.

दुपारची वेळ. बाबा काठावर बसून नावेच्या फटींत लव्हाळं कोंबत होते. इपुकी पुन्हा आला, पुन्हा सुरू झाला. मला कंटाळा आला.

जिराफ. खडकावर कोरलेला तो बाबांनीच आम्हा पोरांना दाखवला होता, लहानपणी, गाढवावर बसवून नेऊन. म्हणाले होते, तिथे एके काळी गवत होतं, आपले पूर्वज गुरं चारत होते, पाऊस थांबला, गवत वाळलं, तेव्हा गुरांच्या मागोमाग ते खाली नदीवर आले आणि इथलेच झाले. मी विचारलं होतं, कशावरून? बाबा म्हणाले होते, ज्याने काढला त्याने पाहिला.

तेच मी त्यांना ऐकवलं. मग इपुकीच्या हातात बोरू दिला आणि म्हटलं, "काढ तुझी नदी."

तो चिखलात उकिडवा बसला. नदी काढली. वरच्या अंगाला छावणी, तिला 'उत्तर' म्हणाला. खाली नाव. नावेत भाकऱ्यांची टोपली, टोपलीशेजारी आडवा माणूस. त्या माणसाचा कानही नीट काढला. तेव्हा तो पुरा होता.

बाबा लव्हाळं टाकून वाकले.

"डोलकाठी कुठाय?"

इपुकी बोरूने टोपलीतल्या भाकऱ्या ठळक करू लागला.

"शिडाची नाव आहे ना रे? मग डोलकाठी?"

"उतरवली होती, तांडेलकाका."

"का?"

"उत्तरेला जायचं होतं. छावणीत भाकऱ्या पोचवायच्या होत्या." मग अगदी हळू, "मीच पुढे झालो. म्हटलं, मी नदीकाठचा, एकटा नेतो."

"मग?"

"मग झोपलो."

"जाग कुठे आली?"

त्याने बोरू चित्राच्या पार खालच्या कडेला टेकवला. तिथे शत्रूच्या बायका कपडे धूत होत्या, म्हणाला. भाकऱ्या त्यांनी खाल्ल्या, कान एकीच्या नवऱ्याने घेतला. रिकामी नाव दोराने ओढत तो काठाकाठाने चालत परत आला. कान लढाईत गेला, असं त्याने मलाही सांगितलं होतं.

बाबा चिखलातच बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट. डोळे पुसून त्यांनी चित्राकडे पुन्हा पाहिलं, आणि हसू ओसरलं.

"खोटं बोलणारा स्वतःला एवढं गाढव करत नाही," ते म्हणाले. मग लव्हाळं उचलत, "मीसुद्धा उतरवली असती."

मला म्हणाले, भांडीकुंडी बांधायला घे. इपुकीला म्हणाले, माझ्या नावेत झोपायचं नाही, कुठल्याही दिशेला.

चित्र पुढच्या पुरापर्यंत राहिलं. पोरं त्यावर पाय न देता उलटी चालायची.

इपुकीला पोहता येत नाही. ते बाबांना अजून सांगायचंय.